मूळ संख्या कधीच का संपत नाहीत?

ज्या संख्येला १ आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेच पूर्ण भाग जात नाही, ती मूळ संख्या: २, ३, ५, ७, ११... (१ यात धरत नाहीत.) १ ते १०० मध्ये अशा २५ संख्या आहेत, ९०१ ते १००० मध्ये फक्त १४. पुढे त्या विरळ होत जातात. मग कुठेतरी संपत असतील का?

प्रोग्रॅम लिहून हे कळणार नाही. कॉम्प्युटर कितीही फास्ट असला तरी कुठेतरी थांबणारच, त्यापुढचं काय? २०२४ मध्ये सापडलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे, पण तिच्यापुढे आणखी आहेत हे ती सांगत नाही. इथे तर्कच लागतो. तो युक्लिडने इ.स.पू. ३०० च्या सुमारास ‘एलिमेंट्स’च्या नवव्या खंडात मांडला.

समजा, कोणी म्हणालं, "सगळ्या मूळ संख्या या यादीत आल्या." यादी कितीही लांब असू दे. त्यातल्या सगळ्या संख्यांचा गुणाकार करा आणि त्यात १ मिळवा. या नव्या संख्येला यादीतल्या कोणत्याही संख्येने भागलं तरी बाकी १ उरते. म्हणजे यादीतल्या एकीनेही तिला पूर्ण भाग जात नाही.

पण १ पेक्षा मोठ्या प्रत्येक संख्येला निदान एका मूळ संख्येने भाग जातोच. कारण तिचा १ नंतरचा सगळ्यात लहान विभाजक घ्या. त्याला त्याच्याहून लहान संख्येने भाग गेला असता, तर त्या लहान संख्येने मूळच्या संख्येलाही भाग गेला असता. मग ‘सगळ्यात लहान’ कसा? म्हणून तो विभाजक मूळच असतो. आपल्या नव्या संख्येचा असा विभाजक यादीत नाही, म्हणजे यादी अपुरी होती. तो यादीत घाला, परत तेच करा. परत एक नवी सापडेल.

इथे अनेकांची गल्लत होते: गुणाकार अधिक १ ही संख्या स्वतः मूळच असते, असं वाटतं. २ × ३ × ५ + १ = ३१, ही आहे मूळ. पण २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ + १ = ३००३१, आणि ३००३१ = ५९ × ५०९. ती मूळ नाही, तरी ५९ आणि ५०९ दोन्ही यादीबाहेरच्या! युक्लिडचा दावा एवढाच होता.

आता मोबाईलकडे येऊ. इंटरनेटवरच्या सुरक्षेसाठी वापरल्या जाणाऱ्या आरएसए पद्धतीत २०४८ बिटची की बनवायला तीनशेहून जास्त अंकी दोन मूळ संख्या लागतात. त्यासाठी नुसतं ‘अनंत’ असून भागत नाही, त्या पटकन सापडायलाही हव्यात. किती विरळ होतात याचं उत्तर १८९६ मध्ये हादामार आणि द ला व्हाले पुसँ यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केलं. त्या हिशोबाने एवढ्या मोठ्या विषम संख्यांमध्ये साधारण ३५० पैकी एक मूळ असते. म्हणून सॉफ्टवेअर सरळ रँडम विषम संख्या घेतं, तपासतं, मूळ नसेल तर पुढची घेतं.