हेट्ठिमा दिसा : सिगालोवाद सुत्तातील घर, काम आणि अधिकार

बौद्ध धम्म हा केवळ भिक्खूंचा धम्म आहे, गृहस्थाच्या संसाराशी व पोटापाण्याच्या व्यवहाराशी त्याला कर्तव्य नाही, असा आक्षेप विद्वानांकडूनही वेळोवेळी घेतला जातो. दीघनिकायातील एकतिसावे सुत्त, सिगालोवाद सुत्त, हे या आक्षेपाचे सरळ उत्तर आहे. घरात ज्याचे ऐकले जाते आणि कामावर ज्याची आज्ञा चालते, त्याने आपला अधिकार कसा वापरावा, या प्रश्नाचा विचार या सुत्तात आहे. त्याचा इतिहासाच्या अंगाने परामर्श घेण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

प्रसंग सर्वश्रुत आहे. राजगृहाच्या वेळुवनात भगवंतांचा मुक्काम असता सिगाल नावाचा गृहपतिपुत्र ओलेत्याने सहा दिशांना नमस्कार करताना त्यांना दिसला. मरणासन्न पित्याची आज्ञा होती म्हणून तो हे करीत होता. त्याचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता. तथागतांनी त्याच्या पित्याचा उपहास केला नाही की आज्ञा मोडण्यास सांगितले नाही. त्यांनी दिशांचा अर्थच बदलला. पूर्व म्हणजे मातापिता, दक्षिण म्हणजे आचार्य, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, वरची दिशा म्हणजे श्रमण-ब्राह्मण आणि खालची, म्हणजे ‘हेट्ठिमा दिसा’, म्हणजे दास व कामकरी. आकाशातील दिशांची पूजा संपली आणि माणसांविषयीचे कर्तव्य सुरू झाले.

येथे मूळ पाली शब्दांकडे लक्ष दिले पाहिजे. पुत्राने मातापित्यांशी कसे वागावे हे सांगताना जे क्रियापद येते, ‘पच्चुपट्ठातब्बा’, म्हणजे ज्यांची सेवा करावयाची, तेच क्रियापद मालकाने दास-कामकऱ्यांशी कसे वागावे हे सांगतानाही येते. शिष्याने गुरूची सेवा करावी, तशीच मालकाने नोकरांची! आणि मातापिता पुत्रावर अनुकंपा करतात असे म्हणताना जो ‘अनुकम्पन्ति’ शब्द आहे, तोच नोकर मालकावर जे करतात त्यालाही लाविला आहे. अनुकंपा ही वरच्याने खालच्यावर करावयाची कृपा होय, ही समजूत या एका शब्दाने मोडीत निघते.

मालकाची कर्तव्ये पाच सांगितली आहेत. शक्तीप्रमाणे काम नेमून देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात शुश्रूषा करणे, विशेष गोडधोड वाटून खाणे आणि वेळच्या वेळी कामातून मोकळे करणे. या शेवटच्या कर्तव्याचे नाव आहे ‘समये वोस्सग्ग’. पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोष अट्ठकथेत त्याचे दोन अर्थ देतात : दिवसभर राबून माणूस थकून जाऊ नये म्हणून रोज वेळेवर सोडणे, आणि सणासमारंभाच्या दिवसांत सुटी देणे.

‘वोस्सग्ग’ म्हणजे सोडणे. हाच शब्द पश्चिम दिशेच्या विवेचनातही येतो. पतीने पत्नीचा सन्मान करावा, अवमान करू नये, व्यभिचार करू नये, अलंकार द्यावेत, आणि ‘इस्सरियवोस्सग्ग’ करावा, म्हणजे ऐश्वर्य, सत्ता तिच्या हाती सोडावी. घरात काय आणि कामावर काय, ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने काहीतरी सोडले पाहिजे, हे या सुत्ताचे सूत्र आहे असे आमचे मत आहे.

मात्र परंपरेने या शब्दाचे काय केले तेही पाहिले पाहिजे. अट्ठकथा सांगते की पत्नीच्या हातात पळी देऊन ‘तुझ्या मर्जीप्रमाणे कर’ म्हणत स्वयंपाकघर तिच्याकडे सोपविले, की सर्व ऐश्वर्य सोपविल्यासारखे होते. सुत्तात ‘इस्सरिय’ या शब्दाला कोणतीही मर्यादा घातलेली नाही. ती टीकेने घातली. सत्तेची पळी झाली! मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात पत्नी, पुत्र व दास या तिघांनाही धनहीन ठरविले आहे. सिगालोवादातील पश्चिम आणि खालची दिशा म्हणजे नेमकी हीच माणसे होत. दोन परंपरांतील भेद याहून स्पष्ट कोठे दिसावा?

तरीही इतिहासाच्या अभ्यासकाने एक गोष्ट लपवू नये. या सुत्ताने दास्य नष्ट केले नाही. नोकराने मालकाच्या आधी उठावे व नंतर झोपावे, असेही त्यात आहे. विनयाने मालकाच्या ताब्यातील दासाला प्रव्रज्या नाकारली आहे. हा त्या काळच्या राजसत्तेशी व मालकवर्गाशी झालेला व्यवहार होता. पण त्याच वाङ्मयात मज्झिमनिकायाच्या ककचूपम सुत्तातील काली दासीही आहे. श्रावस्तीच्या वेदेहिकेची कीर्ती शांत, सौम्य बाई म्हणून होती. ही शांती खरी की आपण काम चोख करतो म्हणून, हे पाहण्यासाठी काली मुद्दाम उशिरा उठू लागली. अखेर मालकिणीने दाराचा अडसर तिच्या डोक्यात घातला आणि कालीने ते रक्ताळलेले डोके शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखविले. भगवंतांनी ही कथा भिक्खूंना सांगितली, आणि तीत दोष कालीला दिलेला नाही. अधिकाराची परीक्षा त्याच्या हाताखालचे माणूसच घेऊ शकते, हे या कथेतून कळते.

पुढे सम्राट अशोकाने आपल्या नवव्या शिलालेखात लोकांच्या निरर्थक मंगलविधींवर टीका करून खरा मंगलविधी कोणता ते सांगितले, आणि त्यात दास व भृतक यांच्याशी योग्य वर्तन यास स्थान दिले. या लेखाचा एक तुकडा आपल्या सोपाऱ्याच्या परिसरात १९५६ साली सापडला. ज्या वर्षी नागपूरला धम्मदीक्षा झाली, त्याच वर्षी!

महाराष्ट्राच्या भूमीत लिहिला गेलेला हा धम्म गावगाड्याने पार पुसून टाकला. महार वतनात ‘समये वोस्सग्ग’ नव्हता. वतनदार महार चोवीस तास सरकारचा बांधील असे, आणि तो नसेल तर घरच्या माणसांना राबावे लागे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात वतनविषयक विधेयक मांडले ते यासाठीच. पुढे ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४५ साली कारखान्यांतील कामगारांना पगारी सुटीचा कायदा झाला व १९४६ साली आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. हिंदू कोड बिल रखडल्यावर १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. हे कायदे सुत्तावरून केले असा आमचा दावा नाही. पण ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पती-पत्नी आणि मालक-नोकर यांच्यासाठी विनय देताना त्यांनी हेच सुत्त निवडले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. सुत्ताने मालकाच्या सद्‌बुद्धीवर सोपविले होते ते बाबासाहेबांनी कामकऱ्याचा हक्क म्हणून मागितले.

आज आपल्यापैकी अनेकांच्या हाती अधिकार आला आहे. कोणी कार्यालयात साहेब आहे, कोणी मुख्याध्यापक आहे, कोणाच्या घरी धुण्याभांड्याला बाई येते. आपल्या आजोबांनी साहेबापुढे हात जोडले, आणि आपल्यापुढे आता कोणी हात जोडते. घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात २००८ साली झाला. पण त्या बाईच्या आजारपणाची रजा कायद्याआधी आपल्या उंबऱ्यावर ठरते. विहारात सिगालोवादाचे वाचन करणाऱ्या उपासकाने घरचा पैसा कोणाच्या सहीने निघतो, हेही एकदा पाहावे.

प्रत्येक दिशेच्या विवेचनाअखेरीस सुत्त म्हणते की अशा वर्तनाने ती दिशा सुरक्षित आणि निर्भय होते. ज्याच्या हाताखाली माणसे भिऊन वागतात, त्याची खालची दिशा उघडीच राहते. ती झाकण्याचे काम ज्याच्या हाती अधिकार आहे त्याचेच आहे.

भवतु सब्ब मंगलं.