जात्यावरच्या ओव्या आणि माळ्यावरची कॅसेट



गेल्या पावसाळ्यात आमच्या वरसाव्यातल्या गटाच्या बैठकीला एक ताई जुनी कॅसेट घेऊन आल्या. त्यांच्या घरातल्या लग्नाची. त्यात त्यांच्या आजेसासूबाईंचे धवले होते. आगरी लग्नात धवलारणीचा मान किती मोठा, हे आपल्याकडे सांगायला नको. टेपरेकॉर्डर शोधत आम्ही तीन घरं फिरलो. कॅसेट लावली, आजींचा आवाज आला, आणि फीत अडकली. माळ्यावरच्या दमट हवेत ती चिकटून गेली होती.

तेव्हा आम्हाला जात्यावरच्या ओव्यांची गोष्ट आठवली. ती आज सांगतो.

पहाटे दळताना बायका ओव्या गायच्या. माहेर, भाऊ, सासुरवास, वनवासातली सीता, पंढरीचा विठ्ठल, बाबासाहेब आंबेडकर, सगळं त्यात यायचं. जे चारचौघांत बोलता येत नव्हतं, ते जात्यापाशी गाता येत होतं. गावोगाव विजेची गिरणी आली. दळणाचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण जातं थांबलं तशी ओवीही थांबली.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ हे दोघं संशोधक होते. गी मूळचे फ्रान्सचे, पण पुण्यात स्थायिक झालेले. 1980 च्या दशकात मुळशीच्या डोंगराळ गावांत बायकांबरोबर काम करताना त्यांनी ओव्या गोळा करायला सुरुवात केली. आधी सगळं हातानं लिहून घेतलं. 1990 च्या दशकात संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे बर्नार्ड बेल सोबत आले. मग आवाजही टेपवर घेतला गेला. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज त्यातलाच. महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाच्या वर ओव्या जमल्या. ध्वनिमुद्रण सुमारे 120 तासांचं झालं.

गी 2004 मध्ये गेले, हेमाताई 2010 मध्ये. पुढे हा ठेवा 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाकडे आला. 2017 पासून तिथे या ओव्या लोकांना ऐकायला मिळू लागल्या.

हे काम टिकलं कशामुळे? नुसता आवाज साठवला नाही म्हणून. ओवी कुणाची, गाव कोणतं, शब्द काय, विषय कोणता, हे सगळं लिहून ठेवलं होतं. ज्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं, तिचं नाव तिच्या ओवीपुढे लागलं.

टेपवरचा आवाज संगणकात घ्यायचा तर टेप पूर्ण वाजवावी लागते. तासाभराच्या टेपला तासभर जातोच. फीत खराब असेल तर आधी साफ करावी लागते. आमची कॅसेट जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्या दादांनी साफ करून दिली. आवाज निघाला फक्त अकरा मिनिटांचा. मधले शब्द कळेनात. मग त्याच घरातल्या ऐंशीच्या पुढच्या आत्याबाईंना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटले आणि राहिलेला धवला स्वतःच गाऊन दाखवला. आम्ही तो लिहून घेतला. आत्याबाई नसत्या, तर ती अकरा मिनिटंही मुकीच राहिली असती.

म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढं ठरवा. घरात जुनी कॅसेट असेल तर ती दमट जागेतून बाहेर काढा. अडकत असेल तर जबरदस्तीनं वाजवू नका. गाणाऱ्या आजींना आधी विचारा, त्यांची हरकत नसेल तरच फोनवर गाणं घ्या. सुरुवातीला त्यांचं नाव, गाव, तारीख मोठ्यानं बोला. शब्द त्यांच्याच बोलीत लिहा, शुद्ध करायला जाऊ नका. आणि एक प्रत फोनमध्ये, दुसरी दुसरीकडे ठेवा, कारण फोन हरवतो.

बचत आपण पैशांची करतोच. ही बचतही आपलीच आहे, आणि आजी आहेत तोवरच ती करता येते.