प्रकाशाने इलेक्ट्रॉन कसा सोडविला

झाडावरची कैरी दगड मारून पाडण्याचा उद्योग आपण लहानपणी केलाच असेल. बारीक खडे दिवसभर मारीत राहा, कैरी जागची हलत नाही. एकच चांगला दगड बसला, की ती खाली येते. प्रकाश आणि इलेक्ट्रॉन यांची हकीकतही काहीशी अशीच आहे.

सन १८८७ मध्ये हर्ट्‌झ यांना आढळले, की अतिनील किरण पडले म्हणजे धातूच्या गोळ्यांमधील ठिणगी अधिक सहज उडते. १९०२ मध्ये लेनार्ड यांनी दाखविले, की प्रकाश प्रखर केला तर धातूतून सुटणारे इलेक्ट्रॉन संख्येने वाढतात, पण त्यांचा वेग वाढत नाही. हे कोडे १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी उलगडले. प्रकाश कणाकणांनी येतो आणि एक कण एकाच इलेक्ट्रॉनला आपली ऊर्जा देतो, असे ते म्हणाले. कण दुबळा असेल, तर प्रकाश कितीही वाढवा, इलेक्ट्रॉन सुटावयाचा नाही. अमेरिकेतील मिलिकन यांना हे मुळीच पटले नव्हते. त्यांनी वर्षानुवर्षे खपून प्रयोग केले आणि मौज अशी, की १९१६ मध्ये त्यांचेच आकडे आइन्स्टाइनच्या सूत्राशी जुळले!

मग प्रश्न मिटला का? तसे झाले नाही. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात मारिया ग्योपर्ट-मायर यांनी गणिताने दाखविले, की अणू दोन प्रकाशकण एकाच वेळी गिळू शकतो. पण इतका दाट प्रकाश आणावयाचा कोठून?

तो आणला लेसरने. १६ मे १९६० रोजी मेमन यांनी माणकाचा पहिला लेसर चालविला. माणकाच्या तांबड्या प्रकाशकणाची ऊर्जा सुमारे १.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सोडवावयास १३.६ लागतात, झेनॉनचा सोडवावयास १२.१. म्हणजे हा खडा अगदीच बारीक. तरीही १९६५ मध्ये रशियातील व्होरोनोव्ह आणि डेलोन यांनी याच प्रकाशाच्या स्पंदांनी झेनॉनचे इलेक्ट्रॉन सोडविले. हिशेब करून पाहा: सात कणांचे काम! सात खडे एकदम बसले आणि कैरी पडली. १९७९ मध्ये फ्रान्समध्ये आगोस्तिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तर असे दिसले, की इलेक्ट्रॉन गरजेपेक्षाही जास्त कण गिळून बाहेर पडतो. याच वाटेने पुढे सेकंदाच्या अब्जांशाच्याही अब्जांशात मोजावे लागणारे स्पंद हाती आले आणि २०२३ चे नोबेल पारितोषिक आगोस्तिनी, क्राउस आणि लुइलिए यांना मिळाले.

मग आइन्स्टाइन चुकले काय? नाही. त्यांचा नियम साध्या प्रकाशाला आजही लागू आहे. शिवाय १९०५ च्या त्याच लेखात, पदार्थांच्या चमकण्याविषयी लिहिताना, प्रकाशकण फार दाटीने आले तर अपवाद संभवतो, असे त्यांनी नोंदविलेच होते. नियम मांडताना त्याची वेसही दाखवून ठेवावी, हे आपणही त्यांच्यापासून शिकावे.