चांदीवरची दोन बाळे

श्रोतेहो, आज तुम्हाला एक नाणे दाखवायचे आहे. रेडिओवरून ते हातात देता येत नाही, तेव्हा शब्दांनीच तळहातावर ठेवतो.

रोमन लोकांच्या या चांदीच्या नाण्याला दिनारिअस म्हणत. वजन पाव तोळ्याहून जरासे अधिक. आपल्या गुप्तकालीन लेखांतला 'दीनार' हा शब्द मुळात इथलाच, बरं का! एका बाजूला बाईचा चेहरा, मागे अंबाडा, भोवती नाव: फाउस्टिना. सम्राट मार्कस ऑरेलियसची ही राणी. नाणे उलटले की बहुधा एखादी देवी दिसते. कधी व्हीनस, कधी जूनो, कधी धान्याची देवी सेरेस. कधी हातात मूल घेतलेली फेकुन्दितास, म्हणजे सुफलता. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत सटवाई पुजतात, ती घरातली गोष्ट. रोममध्ये राणीचे बाळंतपण नाण्यावर चढे. त्या काळी शिपायाला वर्षाचा पगार 300 दिनारिअस. म्हणजे ही वार्ता पार सरहद्दीवरच्या छावणीत जाई.

एवढा गाजावाजा कशासाठी? मार्कसच्या आधीच्या चार सम्राटांना गादीवर बसवायला स्वतःचा मुलगा नव्हता. चौघांनीही दत्तक घेतला. दत्तकाचे राजकारण काय असते ते आपल्याला निराळे सांगायला नको! अशात 31 ऑगस्ट 161 रोजी फाउस्टिनाला जुळे मुलगे झाले. टांकसाळीने नवे नाणे पाडले. त्यावर देवी नाही. एक सिंहासन आणि त्यावर दोन बाळे. अक्षरे आहेत 'सेकुली फेलिकित', म्हणजे युगाचे सौख्य.

आता याची दुसरी बाजू पाहा. फाउस्टिनाला निदान बारा मुले झाली. त्यांतली बरीचशी लहानपणीच गेली. या जुळ्यांतला एक 165 साली, चौथ्या वर्षी गेला. बापाने ग्रीक भाषेत स्वतःपुरती टिपणे लिहून ठेवली आहेत. त्यांत तो म्हणतो, मूल जगू दे असे देवाकडे मागू नये; ते जाईल ही भीती जाऊ दे, असे मागावे. नाण्यावर हे कसे येणार?

उरलेला मुलगा कोमोडस. मुलग्यांत तेवढा एकच मोठा झाला. 180 साली तो गादीवर आला, जुलमी ठरला, आणि 192 सालच्या शेवटच्या दिवशी त्याचा खून झाला.

आई ते पाहायला नव्हती. 175 च्या सुमारास, नवऱ्याबरोबर दौऱ्यावर असताना, आशिया मायनरमध्ये ती वारली. मग तिलाच देवी ठरवले. त्या वेळच्या दिनारिअसवर तिच्या नावाआधी 'दिवा' हा शब्द आहे, आणि मागे जूनोचा मोर.