कवडीचे मोल : 'अमेरिकन गर्ल' बाहुल्यांचे साजसामान आणि इतिहासकथन

बालसाहित्याच्या अभ्यासात पुस्तकाचा विचार पुष्कळ झाला आहे. पुस्तकाच्या जोडीने मुलाच्या हाती पडणाऱ्या वस्तूंचा विचार मात्र त्या मानाने कमी झाला. बाहुलीचे कपडे, तिची भांडीकुंडी, मेज-खुर्च्या, पाटी-पेन्सिल यांच्याकडे आपण एक तर बाजारातील माल म्हणून पाहतो, नाही तर बालपणीची आठवण म्हणून. मराठीत या साजसामानाच्या खेळाला 'भातुकली' असा स्वतंत्र शब्द आहे. त्या खेळात बाहुलीइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, महत्त्व तिच्या संसाराला असते, ही गोष्ट या शब्दाने नेमकी टिपली आहे. प्रस्तुत निबंधात अमेरिकेतील 'अमेरिकन गर्ल' या बाहुलीमालिकेच्या साजसामानाचे परीक्षण संहिता म्हणून करावयाचे आहे. कथेने सांगितलेला इतिहास वस्तू कितपत पेलते, आणि कथेने न सांगितलेले काही तिच्या ठायी उरते काय, हा येथे मुख्य प्रश्न आहे.

१

या मालिकेचा उगम एका इतिहास-संग्रहालयाच्या भेटीत आहे. प्लेझंट रोलंड या मूळच्या शिक्षिका आणि पाठ्यपुस्तकांच्या लेखिका. १९८४ साली त्यांनी व्हर्जिनियातील कलोनियल विल्यम्सबर्गला भेट दिली. अठराव्या शतकातील एक संपूर्ण नगर तेथे जसेच्या तसे उभे केले आहे. भाच्यांसाठी नाताळची भेट शोधताना त्यांना त्या काळच्या बाजारात बार्बी आणि कॅबेज पॅच या बाहुल्यांपलीकडे फारसे काही दिसले नाही. जुन्या नगराचा अनुभव आणि बाहुलीची उणीव यांच्या संयोगातून १९८६ साली 'प्लेझंट कंपनी' उभी राहिली. तिच्या पहिल्या तीन बाहुल्या १८ इंच उंचीच्या होत्या : १८५४ सालची स्वीडिश स्थलांतरित किर्स्टन, १९०४ सालची श्रीमंत घरातील अनाथ सामंथा आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील, १९४४ सालची मॉली. पुढे १९९१ साली १७७४ ची फेलिसिटी आणि १९९३ साली १८६४ ची ॲडी आली. १९९८ साली 'मॅटेल' या बार्बीच्याच उत्पादक कंपनीने सत्तर कोटी डॉलरना ही संस्था विकत घेतली.

आरंभीची विक्री दुकानातून होत नसे. ती टपालाने पाठविलेल्या सूचीपत्रावरून होत असे. त्यामुळे वाचकासमोर एकाच वेळी तीन संहिता येत : कथापुस्तक, वस्तू आणि वस्तूचे सूचीपत्रातील वर्णन. सूचीपत्र वस्तूची भलावण करी, पण त्यासाठी त्याला कथेतील प्रसंगाचा आधार घ्यावा लागे. परीक्षणाची पहिली पायरी अशी विक्रीच्या भाषेतच रचली गेली होती.

२

या मालिकेची रचना रूपवादी अभ्यासकाला विशेष आकृष्ट करील. आरंभीच्या प्रत्येक नायिकेची सहा पुस्तके असत आणि त्यांचा क्रम ठरलेला असे : ओळख, शाळेतील धडा, नाताळचा नवलाव, वाढदिवस, उन्हाळ्यातील साहस आणि शेवटी परिवर्तन. काळ बदलला, वंश बदलला, आर्थिक स्थिती बदलली, तरी हा साचा कायम राहिला. प्रत्येक पुस्तकाला जोडून एक पोशाख आणि काही वस्तू येत. कथानकाच्या सहा घटकांना वस्तूंचे सहा संच समांतर असत. परीकथेतील नायकाला जादूची वस्तू मिळते तेव्हा ती कथानक पुढे नेते. येथे वस्तू कथानक संपल्यावरही हाती उरते आणि मुलीला ते कथानक पुन्हा घडविता येते.

रॉबिन बर्नस्टीन यांनी 'रेशियल इनोसन्स' (२०११) या ग्रंथात मांडलेली संकल्पना येथे उपयोगी पडते. त्यांच्या मते काही वस्तू नाटकाच्या संहितेप्रमाणे वापरणाऱ्याला विशिष्ट कृती सुचवितात. त्या कृतीची सक्ती करीत नाहीत, तिला वाट करून देतात. हा निकष लावला तर साजसामानाचे परीक्षण केवळ 'बटण त्या काळातले आहे काय' एवढ्यावर थांबत नाही. वस्तू हाती घेणारी मुलगी इतिहासातील कोणती कृती करू शकते, हे पाहावे लागते.

फेलिसिटीचे चहाचे सामान हे याचे चांगले उदाहरण होय. व्हॅलरी ट्रिप यांनी लिहिलेल्या कथेत फेलिसिटी घरंदाज मुलींना साजेशा रीतिभातीचे शिक्षण घेते. त्यात चहा देण्या-घेण्याचा शिष्टाचार प्रमुख असतो. काळ १७७४ चा. आदल्या वर्षी ब्रिटिश संसदेने चहाविषयीचा कायदा केला होता आणि बॉस्टनच्या बंदरात ईस्ट इंडिया कंपनीचा, चीनहून आलेला चहा समुद्रात फेकला गेला होता. फेलिसिटीचे वडील आपल्या दुकानात चहा विकणे बंद करतात. शिष्टाचार आणि निष्ठा यांच्या पेचात सापडलेली मुलगी शेवटी कप पालथा घालते. कथेचा परमोत्कर्ष चहा नाकारण्यात आहे आणि विक्रीची वस्तू चहाचे सामान आहे. वरवर पाहता हा अंतर्विरोध वाटतो. परंतु कप हाती असल्याखेरीज तो पालथा घालता येत नाही. येथे वस्तू आणि कथा परस्परांना पूरक ठरतात. मात्र हा संच नायिकेच्या हाताभोवती रचलेला आहे. तिच्या घरातील मार्कस हा गुलाम कथेत वावरतो, पण चहाच्या मेजाभोवतीच्या खेळात त्याला स्थान नाही. वस्तू कृतीला वाट देते तशी ती कोणाच्या कृतीला वाट द्यावयाची याची निवडही करते.

मॉलीच्या पर्सबरोबर येणारे नाणे यापेक्षा साधे आहे. युद्धसामग्रीसाठी तांबे लागत असल्यामुळे १९४३ साली अमेरिकेच्या टांकसाळीने जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची पेनी पाडली. मॉलीच्या साजात अशी पोलादी पेनी होती. तिच्याकडून कोणतेही नाट्य घडत नाही. ती केवळ साक्ष देते. युद्ध आघाडीवर चालू असताना ते घरातल्या सुट्या पैशापर्यंत कसे पोचते, हे सांगावयास परिच्छेद लागला असता. नाणे ते तळहातावर ठेवते.

३

या दोन्ही प्रकारांची खरी कसोटी ॲडी वॉकरच्या बाबतीत लागते. कॉनी पोर्टर यांनी लिहिलेली ही कथा नॉर्थ कॅरोलिनातील तंबाखूच्या मळ्यावर सुरू होते. ॲडीचे वडील आणि भाऊ विकले जातात. पानांवरच्या अळ्या वेचण्यात तिच्याकडून चूक होते, तेव्हा मुकादम त्या अळ्या तिला खावयास लावतो. आई तिला घेऊन पळून जाते. तान्ह्या बहिणीला मागे ठेवावे लागते. मायलेकी फिलाडेल्फियाला पोचतात, पण तेथेही वर्णभेद संपत नाही.

मालिकेतील ही पहिली कृष्णवर्णीय नायिका. ती गुलामगिरीतून आलेली असावी काय, यावर तेव्हा वाद झाला. हा आक्षेप गैरवाजवी म्हणता येणार नाही, कारण २०११ साली न्यू ऑर्लिन्सची सेसील येईपर्यंत या मालिकेच्या ऐतिहासिक नायिकांत ॲडी ही एकमेव कृष्णवर्णीय होती. इतर मुलींच्या वाट्याला निरनिराळे भूतकाळ आले. कृष्णवर्णीय मुलीच्या वाट्याला अठरा वर्षे एकच आला. दुसरा पेच अधिक खोल आहे. जिला तिच्या कथेत खरेदी-विक्रीची वस्तू मानले गेले, तिची प्रतिमा पुन्हा विक्रीला ठेवली गेली. हा पेच कोणत्याही संशोधनाने मिटणारा नाही. साजसामानाने त्याला कसे तोंड दिले, एवढेच तपासता येते.

ॲडीच्या संचात अळ्या नाहीत, चाबूक नाही. मुळात बाहुली मळ्यावरच्या कपड्यांत येत नाही. तिच्या अंगावर पलायनानंतर आश्रय देणाऱ्या बाईने दिलेला गुलाबी पट्ट्यांचा पोशाख असतो. गुलामगिरी पुस्तकात आहे, स्वातंत्र्य वस्तूंत आहे, अशी ही विभागणी दिसते. तिला पळवाट म्हणणे सोपे आहे. मला ते पुरतेपणी पटत नाही. वस्तू कृतीला वाट देते हे एकदा मान्य केले की चाबकाची प्रतिकृती मुलाच्या हाती देण्याचा अर्थ स्पष्ट होतो. शब्दात वाचलेली क्रूरता वाचक सोसतो. खेळण्यातली क्रूरता तो करतो. म्हणून येथील मौन समर्थनीय आहे. परंतु ते मौन मोडणारी एक लहानशी वस्तू बाहुलीच्या गळ्यात आहे. ती म्हणजे कवडी.

४

कथेत ही कवडी ॲडीच्या पणजीची आहे. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या त्या पणजीचेच नाव ॲडीला मिळाले आहे. पलायनाच्या वेळी आई ती कवडी विकल्या गेलेल्या भावाच्या बुटाच्या नाडीत ओवून मुलीच्या गळ्यात बांधते. येथे कवडी वंशस्मृतीचे चिन्ह आहे आणि नाडी तुटलेल्या कुटुंबाचे.

या कवडीचा इतिहास मात्र कथेच्या मर्यादेत मावत नाही. पश्चिम आफ्रिकेत चलन म्हणून वापरल्या गेलेल्या कवड्यांचा फार मोठा साठा हिंदी महासागरातील मालदीव बेटांतून येत असे. चौदाव्या शतकात इब्न बतूता मालदीवमध्ये राहिला, तेव्हा तेथील कवड्यांच्या बदल्यात बंगालमधून तांदूळ येतो असे त्याने नोंदविले. पुढे माली साम्राज्यात त्याच कवड्या चलनात असल्याचे त्याने पाहिले. नंतरच्या शतकांत डच आणि इंग्रज कंपन्यांची जहाजे बंगाल व सिलोनमार्गे मिळविलेल्या कवड्या तळाचे वजन म्हणून युरोपला नेत. ॲमस्टरडॅम व लंडन येथे त्यांचे लिलाव होत आणि तेथून त्या पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जात. त्या किनाऱ्यावर त्यांच्या मोबदल्यात माणसे विकत घेतली गेली. जी वस्तू ॲडीच्या गळ्यात पणजीची आठवण म्हणून आहे, त्याच जातीची वस्तू पणजीच्या विक्रीत किंमत म्हणून मोजली गेली असणे शक्य आहे.

मराठी वाचकाला हे द्वंद्व समजावून सांगावे लागत नाही. आपल्याकडे 'कवडीमोल' म्हणजे क्षुल्लक किमतीचे, आणि तरीही तुळजाभवानीच्या भक्ताच्या गळ्यातील कवड्यांची माळ अमोल. सारीपाटावर दान टाकावयाला कवड्याच. चलन, पूजा आणि खेळ ही तिन्ही क्षेत्रे आपल्या भाषेत या एका शिंपल्यात एकत्र नांदतात. हिंदी महासागराच्या काठावरची ही भाषिक स्मृती अमेरिकन बाहुलीच्या साजाकडे वळविली, तर मूळ सूचीपत्राच्या आवाक्याबाहेरचे वाचन शक्य होते. तौलनिक दृष्टीचा येथील लाभ एवढाच नाही की दोन संस्कृतींत समान वस्तू सापडली. ती वस्तू खरोखर या किनाऱ्यांवरून त्या किनाऱ्यावर गेली आणि तिच्याबरोबर तिचे मोलही बदलत गेले, हे दिसते.

साजसामानाच्या परीक्षणाचा माझा निकष येथे स्पष्ट करतो. पालथा घालावयाचा कप कथेइतकेच सांगतो. पोलादी पेनी कथेला पुरावा जोडते. कवडी कथेपेक्षा अधिक जाणते. तिन्ही वस्तू चांगल्या आहेत, परंतु श्रेष्ठत्व तिसरीकडे जाते, कारण संहितेने ज्याला आठवण म्हटले त्यातील किंमत तिने पुसलेली नाही.

५

ही श्रेष्ठता टिकाऊ मात्र नाही. वस्तू कथेपासून सुटली की ती मुकी होते, आणि ती सुटण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली वाट प्रकाशनाची. २०१४ साली मालिकेची पुनर्रचना झाली, तेव्हा प्रत्येकीची सहा पुस्तके दोन खंडांत एकत्र केली गेली आणि आतील चित्रे वगळली गेली. प्रसंग, चित्र आणि वस्तू यांची जी साखळी होती तिचा मधला दुवा निखळला.

दुसरी वाट संग्रहाची. किर्स्टन २०१० मध्ये, फेलिसिटी २०११ मध्ये आणि मॉली २०१३ मध्ये विक्रीतून काढून घेतली गेली. त्यासाठी कंपनीने वापरलेली संज्ञा अभिलेखागारात ठेवण्याची होती. इतिहास सांगणाऱ्या वस्तू अशा रीतीने स्वतः इतिहासजमा झाल्या आणि जुन्या वस्तूंच्या बाजारात त्यांचे भाव ठरू लागले. तेथील परीक्षण वेगळे असते : संच पूर्ण आहे काय, पेटी उघडली आहे काय, डाग आहे काय. सुझन स्ट्युअर्ट यांनी 'ऑन लाँगिंग' (१९८४) मध्ये म्हटल्याप्रमाणे संग्रहात इतिहासाची जागा वर्गीकरण घेते. न उघडलेल्या पेटीतला कप कोणी पालथा घालीत नाही. २०२१ साली पस्तिसाव्या वर्षानिमित्त सहा जुन्या बाहुल्या मूळच्या वेषात पुन्हा आणल्या गेल्या, ॲडीही त्यांत होती. ही घटना इतिहासाच्या पुनर्वाचनापेक्षा मालिकेच्या स्वतःच्या भूतकाळाविषयीच्या हुरहुरीची अधिक निदर्शक आहे.

संग्राहकांचा दोष दाखविणे हा येथे हेतू नाही. हरविलेली लहान वस्तू कोणत्या संचातली, हे पुष्कळदा त्यांच्याच चिकाटीमुळे कळते. परंतु ज्या बाजारात ॲडीच्या गळ्यातील कवडी असली तर भाव चढतो आणि नसली तर उतरतो, तेथे ती कवडी पुन्हा चलन झालेली असते. अभ्यासकाने तिची नोंद करताना भावाच्या शेजारी तिचा मार्गही लिहावा : मालदीव, बंगाल, ॲमस्टरडॅम, पश्चिम आफ्रिकेचा किनारा, नॉर्थ कॅरोलिनातील मळा आणि बुटाच्या नाडीची गाठ.