औंधचं ग्रंथालय : आधी संग्रह, मग भिंती

वडूजच्या स्टँडवर औंधची एसटी लागली की तीत यमाईला निघालेलीच माणसं जास्त. त्यांतली काही मूळपीठाच्या डोंगर-उतारावरच्या श्रीभवानी संग्रहालयात डोकावतात, राजा रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूरचं ‘माता आणि मूल’ हे शिल्प पाहून परततात. या संस्थेच्या नावात ‘ग्रंथालय’ही आहे, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात राहतं. खटाव तालुक्यात नवं सार्वजनिक ग्रंथालय उभारायचं म्हटलं, तर पहिला धडा इथेच गिरवावा.

संस्थेची इमारत १९३८ सालची. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी औंधच्या गादीवर आले १९०९ मध्ये. म्हणजे इमारतीला २९ वर्षं लागली. संस्थान जेमतेम ७२ गावांचं, तेही औंध, कुंडल, आटपाडी असं विखुरलेलं. राजा मात्र पदवीधर, कीर्तनकार आणि स्वतः चित्रकार. चित्रं, मूर्ती, ग्रंथ, हस्तलिखितं असं जमेल तसं तो जमवत राहिला. भिंती उभ्या राहिल्या त्या जमलेल्या ऐवजाला जागा हवी म्हणून.

वाचणारी आणि लिहिणारी माणसंही त्याआधीच संस्थानात रुजत होती. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये याच संस्थानच्या जमिनीवर वसली. पुढे तिथून ‘किर्लोस्कर’ आणि ‘स्त्री’ ही मासिकं घरोघरी गेली. पंडित सातवळेकरांनी वेदांच्या प्रकाशनाचं काम औंधात मांडलं. साने गुरुजी इथल्या शाळेत काही काळ शिकले. ग. दि. माडगूळकर आणि शंकरराव खरात हेही इथलेच विद्यार्थी.

१९३९ मध्ये राजानं स्वतःहून कारभार प्रजेच्या हाती दिला. १९४८ मध्ये औंध संस्थान विलीन झालं. संग्रह जागेवरच राहिला आणि पुढे राज्य शासनाच्या ताब्यात आला.

संग्रहालयातलं ग्रंथालय आणि गावचं वाचनालय यांत फरक आहे. एकानं जपायचं, दुसऱ्यानं पुस्तक घरोघरी पोचवायचं. पण उभारणीचा क्रम दोघांना एकच. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा, त्याखालचे अनुदानाचे नियम १९७० चे. त्या नियमांत इमारतीसाठी आणि साधनसामग्रीसाठीही अनुदानाची सोय आहे. पण आधी लागते ती मान्यता, आणि मान्यतेसाठी दाखवावी लागतात पुस्तकं, सभासद आणि नेमानं उघडणारं दार. त्यावरच ‘अ’ ते ‘ड’ असा वर्ग ठरतो. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून ग्रंथांसाठी मदत मिळते. तीही चालू ग्रंथालयालाच उपयोगी पडते.

तेव्हा भूमिपूजनाच्या नारळाची घाई नको. एखादी भाड्याची खोली, दोन कपाटं, रोजची वर्तमानपत्रं आणि संध्याकाळी ठरल्या वेळी कुलूप काढणारा माणूस, एवढ्यावर सुरुवात करावी. पुस्तकं खोलीत मावेनाशी झाली, की इमारतीचा अर्ज करावा.