कालापव्यय, जुगार आणि बौद्धिक व्यायाम : शब्दकोड्याच्या सामाजिक प्रतिष्ठेचा इतिहास

वृत्तपत्रातील शब्दकोडे किंवा सुडोकू नित्यनेमाने सोडविणे हा बुद्धीचा व्यायाम आहे, ही समजूत आज सुशिक्षित वर्गात इतकी रूढ झाली आहे की तिलाही काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. कोडी घालण्याची परंपरा अर्थातच प्राचीन आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या 'लीलावती'तील उदाहरणे कोड्यासारखीच रंजक आहेत. पण त्यांचे प्रयोजन अध्यापनाचे होते. लोकपरंपरेतील कूट आणि उखाणे चारचौघांत घालावयाचे, समोरच्याचे चातुर्य जोखण्यासाठी. ठरावीक वेळी, एकट्याने, छापील चौकटीत पेन्सिलीने भरावयाचे दैनिक कोडे ही मात्र विसाव्या शतकातील वृत्तपत्र-व्यवसायाची निर्मिती होय. या कोड्याचे स्वरूप शंभर वर्षांत फारसे बदलले नाही. बदलले ते त्याविषयीचे समाजाचे मत. प्रस्तुत लेखात या मतांतराचा मागोवा घेतला आहे.

निंदेपासून मान्यतेकडे

मूळचे लिव्हरपूलचे आर्थर विन यांचे शब्दकोडे 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीत २१ डिसेंबर १९१३ रोजी प्रसिद्ध झाले. हे आधुनिक शब्दकोड्याचे आद्य रूप मानले जाते. त्याची आकृती शंकरपाळ्याच्या आकाराची होती. १९२४ मध्ये सायमन आणि शूस्टर या नवोदित प्रकाशकांनी शब्दकोड्यांचे पहिले पुस्तक काढले. हसे होईल या भीतीने त्यांनी त्यावर स्वतःचे नावही घातले नाही. पुस्तकासोबत एक पेन्सिल मात्र दिली. पुस्तकाचा खप इतका झाला की त्याच वर्षी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने या छंदाची संभावना वेळेचा पापतुल्य अपव्यय अशा शब्दांत केली. लंडनच्या 'टाइम्स'लाही अमेरिका या खेळाची गुलाम झाल्याचे दिसले.

या टीकेचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. 'टाइम्स'ने १ फेब्रुवारी १९३० पासून स्वतःचे शब्दकोडे सुरू केले. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने अधिक काळ धीर धरला. परंतु पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर वाचकांना चिंतेच्या काळात काही विरंगुळा हवा, हा विचार संपादकवर्गात बळावला आणि १५ फेब्रुवारी १९४२ रोजी तेथेही शब्दकोडे अवतरले. त्याच वर्षी जानेवारीत लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'ने बारा मिनिटांत कोडे सोडविण्याची स्पर्धा घेतली. तीत भाग घेतलेल्या काही व्यक्तींना पुढे ब्लेचली पार्क येथील सांकेतिक संदेश उलगडण्याच्या गुप्त कार्यासाठी पाचारण करण्यात आले. काल ज्याला आळशांचा उद्योग म्हटले, त्याला युद्धाने कर्तबगारीचे प्रमाणपत्र दिले, असे म्हणण्यास हरकत नाही. अठरा वर्षांत घडलेल्या या पालटात कोड्याच्या उपयुक्ततेविषयी कोणतेही नवे संशोधन पुढे आले नव्हते, हे विशेष.

कोडे न्यायालयात

भारतात या प्रश्नाला निराळेच वळण लागले. येथे बक्षिसांची शब्दकोडी आली आणि प्रवेशशुल्क भरून मोठ्या रकमेची आशा बाळगणारा वाचकवर्ग निर्माण झाला. तत्कालीन मुंबई राज्याने १९४८ मध्ये लॉटरी व बक्षीस-स्पर्धा यांवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा केला. राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या वृत्तपत्रांतील स्पर्धा प्रारंभी त्यातून वगळलेल्या होत्या. १९५२ च्या दुरुस्तीने त्याही कक्षेत आल्या. बंगळूरहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या पत्रातून आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या कंपनीची शब्दकोडी प्रसिद्ध होत आणि मुंबई राज्यातही त्यांना मोठा प्रतिसाद असे. कंपनीने या कायद्यास आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयात निकाल राज्याविरुद्ध गेला, तेव्हा राज्याने सर्वोच्च न्यायालयात अपील केले.

वादाचा गाभा वरकरणी कर आणि व्यापार-स्वातंत्र्य हा होता. पण त्याच्या मुळाशी कोडे सोडविणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न होता. या कोड्यांतील अनेक शोधसूत्रांना एकाहून अधिक शब्द सारखेच लागू पडत. त्यांपैकी आयोजकांनी आधीच मोहोरबंद करून ठेवलेल्या उत्तराशी जुळेल तोच शब्द बरोबर. अशा कोड्यात विद्वानाचा आणि नवशिक्याचा पाड एकच. सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांच्या न्यायपीठाने ९ एप्रिल १९५७ रोजी ही स्पर्धा जुगाराच्या स्वरूपाची ठरविली आणि जुगारास घटनेतील व्यापार-स्वातंत्र्याचे संरक्षण मिळत नाही, असा निर्णय दिला.

दरम्यान संसदेने १९५५ मध्ये बक्षीस-स्पर्धा अधिनियम संमत केला होता. अक्षरे, शब्द किंवा आकडे यांची जुळणी, मांडणी वा क्रमबदल यांवर आधारलेले कोणतेही बक्षिसाचे कोडे त्याच्या व्याख्येत बसत होते आणि महिन्याला एक हजार रुपयांहून अधिक मूल्याच्या बक्षिसांना मनाई होती. या कायद्यासही आव्हान दिले गेले. त्याच दिवशी दिलेल्या दुसऱ्या निकालात न्यायालयाने कायद्याची व्याप्ती जुगारी स्पर्धांपुरती मर्यादित केली. ज्या स्पर्धेत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते, ती त्यातून मुक्त ठरली. शब्दकोडे हे बुद्धीचे काम आहे की नशिबाचे, याचा इतका काटेकोर विचार शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांतही क्वचितच आढळेल. उत्तर एकमेव असावे आणि ते तर्काने गाठता यावे, ही चांगल्या कोड्याची कसोटी त्यातून आपोआप निघते.

मराठी शब्दकोडे रचणाऱ्यापुढे याशिवाय लिपीची अडचण असते. रोमन लिपीत एका घरात एक वर्ण बसतो. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षर यांसह संपूर्ण अक्षर. त्यामुळे आडवा आणि उभा शब्द छेदताना व्यंजन जुळून भागत नाही, स्वरही जुळावा लागतो. 'का' आणि 'की' यांची सांगड बसत नाही. साहजिकच मराठी चौकटीत काळी घरे अधिक आणि छेद कमी असतात. शब्दांचा साठा तोच असूनही रचना विरळ होते.

आरोग्याचा दावा

अंककोड्यांना ही भाषिक अडचण नाही. सुडोकू मुळात जपानी नव्हे. हॉवर्ड गार्न्स या निवृत्त अमेरिकन वास्तुविशारदाचे ते कोडे १९७९ मध्ये प्रथम छापले गेले. १९८४ मध्ये जपानच्या निकोली प्रकाशनाने ते स्वीकारले आणि १२ नोव्हेंबर २००४ रोजी लंडनच्या 'टाइम्स'मधून ते जगभर पसरले. हा प्रसार आणि वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाविषयीची वाढती चिंता यांचा काळ एकच होता. कोडे आता औषध म्हणून विकले जाऊ लागले.

या दाव्यास मिळालेले पुरावे सावध आहेत. एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ११,४३० व्यक्तींनी सहा आठवडे संगणकीय बौद्धिक व्यायाम केले. ज्या कृतीचा सराव झाला, तीत प्रगती दिसली. इतर क्षमतांत तिचा लाभ उतरला नाही. २०१६ मध्ये 'ल्युमॉसिटी' या बौद्धिक खेळांच्या कंपनीने अतिरंजित जाहिरातींच्या आरोपावरून अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगास वीस लाख डॉलर देणे मान्य केले. २०१८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेला अ‍ॅबर्डीन येथील अभ्यास अधिक बोलका आहे. १९३६ मध्ये जन्मलेल्या ४९८ व्यक्तींच्या या पाहणीत कोडी व तत्सम बौद्धिक व्यासंगामुळे उतारवयातील ऱ्हासाचा वेग मंदावल्याचे आढळले नाही; मात्र आयुष्यभर असा व्यासंग ठेवणाऱ्यांचा ऱ्हास अधिक उंचीवरून सुरू होत होता. अर्थात, ती उंची कोड्यांनी दिली की मुळातच तल्लख असलेली माणसे कोड्यांकडे वळली, याचा निर्णय अशा निरीक्षणात्मक पाहणीतून लागू शकत नाही.